घाण्याचे माप आणि विजेचे माप
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने मला केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी विद्वान नव्हे, वक्ताही नव्हे. माझे आयुष्य प्रवरेच्या काठी तेलाच्या गिरणीत गेले. परंतु गिरणीवाल्याला एका गोष्टीचा अनुभव चांगला असतो. ती गोष्ट म्हणजे वीज. ती असली तर धंदा आहे, नसली तर नुसते पत्र्याचे छप्पर आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यात वीज कोठून येते, ती आणणाऱ्या एका सहकारी संस्थेचे काय झाले आणि त्यातून आपण काय शिकावे, एवढाच विषय मी आज घेतला आहे.

आपली ज्ञाति तेल्यांची. देवघरातील समईपासून पाटलाच्या वाड्यातील दिवटीपर्यंत गावाचा सारा उजेड एके काळी आपल्या घाण्यातून निघत असे. माझे आजोबा पहाटे बैल जुंपीत आणि करडईचा घाणा दिवस वर येईपर्यंत काढीत. त्यांच्याजवळ तेल मोजण्याचे एक पितळी माप होते. ते काठोकाठ भरल्याशिवाय त्यांनी कधी कोणाच्या भांड्यात ओतले नाही, आणि पैसे घेतल्याशिवाय कोणाला सहसा दिलेही नाही. “माप चुकले की वात विझते,” असे ते म्हणत. पुढे रॉकेल आले, मग तारेवरून वीज आली आणि दिव्याच्या तेलाचा धंदा बसला. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तेलाबरोबर ते मापही आपण माळ्यावर टाकून दिले की काय, अशी शंका मला अनेकदा येते.

घाण्याचे तेल कोठून येते हे गावातील पोरालाही ठाऊक होते, कारण घाणा डोळ्यांसमोर फिरत होता. बटण दाबल्यावर लागणाऱ्या दिव्याचे तसे नाही. त्याचा घाणा फार दूर असतो. म्हणून तो कोठे कोठे आहे ते आधी पाहू.

अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. ते बांधले शेतीच्या पाण्यासाठी. त्याच पाण्यावर वीज करण्याची सोय अनेक दशकांनी झाली. आज तेथे 12 मेगावॅटचे एक आणि खाली 34 मेगावॅटचे दुसरे अशी दोन विद्युत्गृहे आहेत. त्याच तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर आहे. तेथील 250 मेगावॅटचा प्रकल्प मोठा चमत्कारिक आहे. कड्यावर एक जलाशय आणि खाली कोकणाच्या अंगाला दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपांनी वर चढवितात, आणि मागणी वाढली की तेच पाणी बोगद्यातून खाली सोडून वीज काढतात. या व्यवहारात जेवढी वीज खर्च होते तेवढी परत मिळत नाही. तरीही तो करावा लागतो, कारण वीज ही कोठीत भरून ठेवण्याची वस्तू नव्हे. सुगीतील धान्य जसे आपण पावसाळ्यासाठी कणगीत ठेवतो, तद्वत् येथे वीज पाण्याच्या रूपाने डोंगरावर ठेवलेली असते.

परंतु जिल्ह्याची सारी गरज या दोन ठिकाणांवर भागत नाही. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग दगडी कोळशातून निघतो. चंद्रपूर, कोराडी, परळी आणि आपल्या शेजारचे नाशिकजवळील एकलहरे ही त्याची केंद्रे. उरण येथे अरबी समुद्रातून मिळणाऱ्या नैसर्गिक वायूवर वीज होते. कोयनेचा 1960 मेगावॅटचा जलविद्युत् प्रकल्प सर्वांस ठाऊक आहेच. पारनेर तालुक्यात सुप्याकडील डोंगरांवर पवनचक्क्या फिरतात, आणि आपल्या जिल्ह्यातील कित्येक साखर कारखाने उसाचा रस काढून उरलेले चिपाड जाळून वीज करतात. आपण जशी पेंड वाया जाऊ देत नव्हतो, तशीच ही रीत आहे. या सर्व ठिकाणांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. आपल्या दिव्यात आलेली वीज कोयनेची की चंद्रपूरची, हे कोणालाही सांगता येणार नाही.

आता थोडा हिशेब करू. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला म्हणजे सुमारे 30 युनिट वीज लागते. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर उंचीवरून खाली आले तर त्यातून ढोबळ मानाने एक युनिट मिळते. म्हणजे एका विहिरीवरील एका दिवसाच्या पाण्यासाठी कोठेतरी 30 हजार लिटर पाणी कड्यावरून खाली पडावे लागते, किंवा कोठेतरी वीसबावीस किलो कोळसा जळावा लागतो. तो कोळसा जमिनीतून कोणी काढला, आगगाडीने कोणी आणला, तार कोणी ओढली, वादळात खांबावर कोण चढले, या सर्वांचा घाम त्या 30 युनिटांत आहे. फुकट असे त्यात काहीही नाही. पैसे मी दिले नाहीत, तर ते दुसरा कोणीतरी देत असतो, इतकाच त्याचा अर्थ.

हाच हिशेब आपल्या हाती घेण्याचा एक थोर प्रयोग याच भूमीवर झाला. सहकाराला आपला जिल्हा नवखा नव्हता. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 साली झाला. साखर सहकाराने होते, मग वीज का होऊ नये? 1935 च्या सुमारास अमेरिकेतील दहांपैकी नऊ शेतघरे अंधारात होती. खाजगी कंपन्यांना तेथे तार नेणे परवडेना, तेव्हा शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज काढून आपल्याच सहकारी संस्थांमार्फत वीज नेली. त्याच नमुन्यावर, 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यानंतर, भारतात आरंभी पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या. कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ, आणि महाराष्ट्रात आपल्या श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था.

या संस्थेने श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरातील वाड्यावस्त्यांवर आणि विहिरींवर वीज पोचविली. ग्राहक हाच सभासद, आणि सभासद हाच मालक, अशी ती रचना होती. संस्थेचे स्वतःचे वीजकेंद्र नव्हते. राज्य वीज मंडळाकडून, आणि 2005 साली त्या मंडळाचे विभाजन झाल्यावर महावितरणकडून, ती घाऊक वीज घेई व किरकोळ विकी. अशा संस्थेची मोठी गिऱ्हाईके म्हणजे शेतीपंप. शेतीचा दर कमी ठेवणे हे सरकारी धोरण, आणि घाऊक खरेदीचे देणे मात्र डोक्यावर. त्यातच 1977 साली महाराष्ट्रात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. शेतकऱ्याला ती सोयीची वाटली. पण ज्या दिवशी मोजणे थांबले, त्या दिवसापासून किती वीज पिकाला गेली, किती तारेत जिरली आणि किती चोरीला गेली, हे सांगणे साऱ्या राज्यातच कठीण होऊन बसले. देणे थकत गेले, किती थकले याचे वाद वाढले, आणि अखेर 31 जानेवारी 2011 रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपल्यावर वीज नियामक आयोगाच्या निर्णयानुसार तो सारा प्रदेश महावितरणकडे गेला. चाळीस वर्षांची ही कथा. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, आणि त्यासाठी मी येथे उभाही नाही. मी इतकेच म्हणतो की, मालक असलेल्या हजारो माणसांनी जे माप राखावयाचे, ते माप राखले गेले नाही.

बंधूंनो, दुसऱ्याकडे बोट दाखविणे सोपे असते. म्हणून आता घरचीच गोष्ट सांगतो. ती या संस्थेच्या हद्दीतील नव्हे. आमच्या आजोळच्या गावी वडिलांनी शेत घेतले होते, तेथील आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मांडवाच्या रोषणाईसाठी आम्ही तारेवर आकडा टाकला. लग्न झाले, वऱ्हाड गेले, पण आकडा उतरला नाही. त्यावर विहिरीची मोटर चालू लागली. आमचे पाहून आणखी चौघांनी तेच केले. तिसऱ्या उन्हाळ्यात भार सोसेना आणि रोहित्र जळाले. सतरा दिवस गाव अंधारात राहिले. आमच्या शेजारी एक विधवा बाई राहत. अर्धा एकर घास आणि दोन म्हशी एवढाच त्यांचा प्रपंच. घास वाळला, तेव्हा एक म्हैस त्यांनी बाजारात नेली. त्यांच्या घरी आकडा नव्हता. बिल मात्र दर खेपेस भरलेले असे.

त्याच दिवसांत एका सायंकाळी त्या दिव्यासाठी तेल घेण्यास आमच्याकडे आल्या. माझ्या आईने माप भरून तेल दिले आणि पैसे घेण्याचे नाकारले. तेव्हा ती माउली म्हणाली, “वैनी, तेल मोजून दिलं, पैसं मोजून घ्या.” तिला आमच्या आकड्याची कल्पना नसेल असे नव्हे. पण तिने दुसरा शब्द काढला नाही. पैसे ओट्यावर ठेवून ती निघून गेली. माझे वडील पडवीत बसून हे ऐकत होते. त्या रात्री त्यांनी स्वतः काठी घेऊन आकडा उतरविला, आणि सकाळी वीज कचेरीत जाऊन झाला प्रकार सांगितला व दंड भरला. मापावर तीन पिढ्या जगलेल्या तेल्याच्या घरात, माप काय असते हे एका गरीब गिऱ्हाइकाने शिकविले. आजवर ही गोष्ट मी घराबाहेर सांगितली नव्हती.

आता काळ पुन्हा पालटतो आहे. 2017 साली राज्याने शेतीसाठी सौर कृषी वाहिनीची योजना काढली, तेव्हा आरंभीच्या प्रकल्पासाठी आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीची निवड झाली. शेताला दिवसा वीज मिळावी, रात्री-अपरात्री सापकिरडूत पाणी भरण्यास जावे लागू नये, हा तिचा हेतु. एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याचे सरकारने ठरविले आहे. शेतकऱ्याला आधार मिळतो ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्याचे मूल्य द्यावे लागत नाही, त्याचे मोजमाप तरी आपण आपल्या मनाशी ठेवावे. नाहीतर पंप तसाच चालू राहतो, पाणी बांध फोडून जाते, आणि वीज संपण्याआधी विहीरच आटते.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, आपल्या ज्ञातीतील कोणत्याही लग्नकार्यात आकड्याची रोषणाई होणार नाही, असा ठराव या संमेलनाने करावा. दुसरी, प्रत्येक कुटुंबाने घरातील शाळकरी मुलाकडून किंवा मुलीकडून दरमहा मीटरचा आकडा वहीत उतरवून घ्यावा, म्हणजे हिशेबाची सवय लहानपणीच लागेल. तिसरी, मंडळाच्या कार्यालयाच्या छपरावर सौर विजेचे तक्ते बसवावेत, आणि बिलातून वाचलेली रक्कम होतकरू विद्यार्थ्यांच्या पुस्तकांसाठी लावावी. एके काळी आपण गावाला उजेड देत होतो. तो मान अशा रीतीने थोडासा परत मिळविता येईल.

आजोबांचे ते पितळी माप मी माळ्यावरून काढून घासूनपुसून गिरणीत मीटरच्या खाली ठेवले आहे. बिल येते तेव्हा दोन्हींकडे एकदा पाहतो, आणि मगच पैसे मोजतो.