बियांची पारख आणि डोळ्याची काच



मी विज्ञानाचा पदवीधर नाही. तरीही आज विज्ञानाचा एक विषय आपल्यापुढे मांडीत आहे. कारण तो आपल्या ओळखीच्या बियांपासून सुरू होतो आणि थेट डोळ्यापर्यंत पोहोचतो.

बुबुळाच्या पुढे जी पारदर्शक काच असते तिला पारपटल म्हणतात. जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, आणि तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या पेशींवर आणि आतील थरांत प्रथिनांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या असतात. पृष्ठभागावरील साखळ्या ओलावा धरून ठेवतात. आतल्या थरातील केराटन सल्फेट ही साखळी पारपटल नितळ राखण्यास मदत करते. ती नीट घडली नाही तर पारपटल गढूळ होऊन नजर अंधुक होते. मॅक्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक विकारात हेच घडते.

परंतु कोणती शर्करा कोठे आहे हे ओळखावे कसे? नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसत नाही. येथे बिया कामी आल्या. १८८८ साली डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू, येथे स्टिलमार्क यांना आढळले की, एरंडीच्या अर्काने रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. १९३६ साली समनर व हॉवेल यांनी दाखवले की, एका शेंगवर्गीय बीमधील प्रथिनाची अशी क्रिया साखर घातल्याने रोखता येते. म्हणजे ही प्रथिने शर्करेलाच धरतात! १९५४ साली बॉइड यांनी त्यांना 'लेक्टिन' हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निवडणे.

प्रत्येक लेक्टिनची निवड ठरलेली असते. शेंगदाण्याचे लेक्टिन गॅलॅक्टोज असलेली जोडी पकडते. फणसाच्या आठळीतील जॅकलिनही तशाच साखळ्या ओळखते. संशोधक लेक्टिनला चमकणारा रंग जोडतात, ते पारपटलाच्या पातळ कापावर सोडतात आणि काप धुतात. जेथे चमक उरते तेथे ती शर्करा आहे असे समजावे. खात्रीसाठी तीच शर्करा लेक्टिनमध्ये आधी मिसळून पाहतात. आता चमक दिसली नाही, तर पहिली साक्ष खरी.

हा नुसता प्रयोगशाळेतील खेळ नव्हे. अशी पारख रोगजंतूही करतात. पाण्यात व मातीत राहणारा अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव पारपटलावरील मॅनोज शर्करेला धरून चिकटतो. त्यातून अतिशय वेदनादायक जखम होते व दृष्टीही जाऊ शकते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या नूरजहाँ पंजवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवले की, सुटे मॅनोज दिल्यास त्याचे चिकटणे रोखता येते. चोराने कुलूप कसे उघडले हे कळले, की बंदोबस्ताचा मार्ग दिसतो.

म्हणून दोन विनंत्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती नळाच्या पाण्याने धुऊ नये, लावून आंघोळ करू नये वा पोहू नये. आणि शेतात डोळ्याला पात किंवा कुसळ लागले तर घरगुती औषध न घालता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पालकहो, अशा संशोधनाला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही लागतात. आपल्या मुलाला किंवा मुलीला त्यांची गोडी असेल, तर शिक्षण अर्धवट सोडवू नका, एवढेच माझे मागणे आहे.