‘गणित झेपत नाही, म्हणून बायोलॉजी’



बक्षीस समारंभाआधी पाहुण्यांनी लांबण लावू नये, म्हणून एकच मुद्दा मांडतो. ‘गणित झेपत नाही, म्हणून बायोलॉजी’ हे अकरावीच्या प्रवेशावेळी सर्रास ऐकू येतं. कर्करोगावर संशोधन करायचं असेल, तर ही वजाबाकी महागात पडते. बीरॅफ जनुकात एक ठरावीक बिघाड झाला की पेशीला ‘वाढ’ हा निरोप अखंड मिळत राहतो. तो अडवणारं व्हेमुराफेनिब अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात हा बिघाड असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी त्याने आक्रसल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बिघाड अगदी तोच, पण गुण आला विसांत जेमतेम एकाला. नेदरलँड्समधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने पेशीत निरोप पुढे पोहोचवणाऱ्या किनेज प्रथिनांची पाचशेहून अधिक जनुकं बंद करून पाहिली आणि २०१२ मध्ये कारण सांगितलं: बीरॅफपासून निघालेला निरोपच ईजीएफआर या वाढीचाच निरोप देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला आवरून धरत होता. औषधाने निरोप तोडला, तसा ईजीएफआर मोकाट सुटला. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळातच कमी, म्हणून तिथे निभावलं.

कुणी म्हणेल, हे तर प्रयोगाने सापडलं, समीकरणाने नव्हे. मान्य. पण पाचशे जनुकांच्या जोड्या होतात सुमारे सव्वा लाख आणि त्रिकुटं दोन कोटींच्या वर. शिवाय मात्रा आणि वेळ वेगळीच. एवढं सगळं कुठलीच प्रयोगशाळा करून पाहू शकत नाही. काय करून पाहायचं, हे निवडायलाच सिस्टिम्स बायोलॉजीला, म्हणजे पेशीतल्या निरोपांचं सगळं जाळं एकत्र अभ्यासणाऱ्या शाखेला, गणित लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये रक्ताच्या एका कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल ओळखली, ती सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो निरखून. पुढे त्याच दोषावर नेम धरणारं इमॅटिनिब २००१ मध्ये आलं आणि आजाराचं चित्रच पालटलं. मग जाळ्याचा विचार हवा कशाला? पण तो आजार सुरुवातीला बव्हंशी एकाच दोषावर उभा असतो. बहुतेक कर्करोग इतके सरळ नसतात.

आतड्याच्या त्या कर्करोगावर बीरॅफ आणि ईजीएफआर दोन्ही रोखणारी औषधांची जोडी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली. आधी उपचार घेतलेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान चाचणीत ५.४ महिन्यांवरून ८.४ वर गेलं. म्हणजे तीन महिने. पुढचे महिने त्या दोन कोटी त्रिकुटांत कुठे दडलेत का, हे अजून शोधायचंय.