बधिर चट्टा आणि मज्जातंतू



तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो. वेदनेची वार्ता मेंदूस उमगण्यापूर्वीच मज्जारज्जूने स्नायूंना आज्ञा दिलेली असते. मेंदूपासून १२ आणि मज्जारज्जूपासून ३१ मज्जातंतूंच्या जोड्या निघून देहभर पसरतात. हाताचा असाच एक मज्जातंतू कोपरामागे हाडालगत जातो; तेथे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हे आपण सर्वांनीच अनुभवले आहे.

कुष्ठरोगाचा जंतू नेमका अशा मज्जातंतूंवर घाला घालतो. त्वचेवरील फिकट चट्टा बधिर होतो, करंगळी व अनामिका आखडतात. मग तव्याचा चटकाही कळत नाही. बोटे झडतात ती मुख्यतः अशा न कळलेल्या जखमा चिघळून. लोक मात्र अजूनही पूर्वजन्मीचे पाप शोधीत बसतात!

चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोगी दवाखान्यात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ पासून पुरस्कारिलेला बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो. तो सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. जंतू मरतात, पूर्ण निकामी झालेला मज्जातंतू मात्र औषधाने पूर्ववत होत नाही. वर्गातील मुलाच्या अंगावर असा चट्टा दिसल्यास त्याला वेगळे बसवू नका. पालकांना विश्वासात घेऊन त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात पाठवा.