आधी शू, मग केबल

हँडब्रेकची दांडी पूर्वी पाच-सहा खटक्यांत घट्ट व्हायची, आता दहा खटके ओढूनही चढावर गाडी मागे सरकते. अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजात जातो आणि सांगतो, “केबल जरा आवळा.” केबल आवळली जाते, दांडी पुन्हा लवकर घट्ट होते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. मंडळी, घाटातल्या ब्रेकफेलची एक वाट या समाधानातून जाते, म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

1902 मध्ये फ्रान्सच्या लुई रेनो यांनी ज्याचा पाया घातला, तो ड्रम ब्रेक आजही असंख्य मोटारींच्या मागच्या चाकांत आहे. चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम, आत अर्धगोल दोन शू, शूवर लायनर. पेडल दाबले की व्हील सिलिंडर शूंना बाहेर ढकलतो. हँडब्रेक ओढला की तेच काम केबल करते. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेचा शू घर्षणाने आपोआप ड्रमवर अधिक दाबला जातो. म्हणूनच हाताच्या थोड्या जोरावर अख्खी गाडी उभी राहते. चारही चाकांना डिस्क असलेल्या कितीतरी गाड्यांत मागच्या डिस्कच्या पोटात केवळ हँडब्रेकसाठी छोटा ड्रम बसवलेला असतो. फोक्सवॅगनने आयडी.3 या विजेच्या गाडीलाही मागे ड्रमच दिला. तिथे मोटरच बराचसा वेग कमी करते, आणि कमी वापरलेली उघडी डिस्क गंजते.

लायनर झिजला की शू आणि ड्रममधली फट वाढते. जुन्या ब्रिटिश मिनीत ती कमी करायला बॅकप्लेटच्या मागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर होता. नंतरच्या गाड्यांत दातेरी ॲडजस्टर शूंमधली पट्टी स्वतःच लांबवत जातो. पण अनेक रचनांत त्यासाठी ब्रेक सोडल्यावर शू पूर्ण मागे यावे लागतात. केबल ताणून ठेवली की हँडब्रेकचा आतला लिव्हर अर्धवट ओढलेलाच राहतो, आपोआप चालणारी ही सोय बंद पडते आणि लायनर सतत घासत राहतो. लांब उतारावर तापलेला ड्रम फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते.

म्हणून क्रम उलटा हवा. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात घालू नये. हँडब्रेक सोडून केबल आधी सैल करायची. हाताने फिरवायचा ॲडजस्टर असेल तर चाक अडेपर्यंत आवळायचा, पेडल जोरात दाबून शू मध्यावर आणायचे, पुन्हा आवळायचे आणि मग चाक मोकळे फिरेपर्यंत थोडे सैल सोडायचे. हलकी खरखर चालते, ओढ चालत नाही. ॲम्बेसेडर, पद्मिनीसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत डिफरन्शिअलची ओढही हाताला लागते. ती ब्रेकची समजून शू नको तितके सैल केले जातात. लायनर पाहायचा आहे आणि ड्रम निघत नाही, तर बहुधा त्याच्या काठावर झिजेने उठलेला कंगोरा शूला अडवत असतो. अशा वेळी हातोडा मारण्याआधी ॲडजस्टर सैल करावा.

ड्रम उघडला की आतली काळी भुकटी फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्यानेच पुसावी. लायनरवर ब्रेक ऑइल दिसले तर ॲडजस्टमेंट तिथेच थांबवावी: सिलिंडर गळतोय, तो आधी.

दोन्ही चाके झाली की केबल. दोन-तीन खटक्यांवर दोन्ही चाकांना सारखी ओढ लागावी, पूर्ण ओढल्यावर दोन्ही हाताने हलू नयेत, सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरावीत. एकच चाक अडत असेल तर बहुधा त्या बाजूची केबल आवरणात गंजलेली असते. कोकणच्या पावसात हे हमखास होते. रात्रभर हँडब्रेक ओढून उभ्या गाडीचे शूही तिथे ड्रमला चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे बरे.

शेवटी गाडी दोन-तीन किलोमीटर चालवून थांबवावी आणि रिमजवळ हात नेऊन पाहावे. एक बाजू जास्त तापली असेल तर तेच चाक पुन्हा उचलायचे.