इंजिनाची नाडी आणि ताप



वैद्य रोग्याच्या घरी आला की आधी मनगट धरून नाडी पाहतो आणि मग अंगातला ताप पाहतो. नाडी एक गोष्ट सांगते, ताप दुसरी. दोहोंचा मेळ घातला म्हणजे रोगाचा अंदाज येतो. होडीच्या मागे लावलेल्या इंजिनालाही अशीच नाडी असते, असाच ताप असतो. ती कशी पाहावी, त्यासाठी कोणती साधने कोठे बसवावीत, याविषयी आज थोडे बोलू.

मालवण-देवबागच्या वाळूवर उभे राहिलात तर लहान होड्यांच्या मागच्या फळीला अडकवलेली ही इंजिने तुम्हाला दिसतील. त्यांना आउटबोर्ड म्हणतात. १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूड या गृहस्थांनी अशी इंजिने विकायला काढली आणि पुढे ती जगभर पसरली. वल्हवण्याचे कष्ट वाचले खरे. पण जीव आता यंत्राच्या हवाली झाला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा ओलांडताना, लाटा आडव्या येत असताना इंजिन थांबले, तर होडी उलटायला फार वेळ लागत नाही.

असे इंजिन थांबण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ते तापणे. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते त्या क्षणी आतल्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते! तरीही अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन शाबूत राहते ते पाण्याच्या कृपेने. पंख्याच्या वर, पाण्यात बुडालेल्या भागाला जाळी असते. तिच्यातून समुद्राचे पाणी आत येते. तेथे रबरी पात्यांचे एक चक्र फिरत असते, त्याला इंपेलर म्हणतात. ते पाणी वर ढकलते. पाणी सिलिंडरभोवतीच्या वाटांतून फिरते, उष्णता घेते आणि बाहेर पडते. त्यातलीच एक बारीक चिळकांडी इंजिनाच्या बाजूने उडते.

नाखवा त्या चिळकांडीकडे पाहतो आणि म्हणतो, "पाणी येतंय, काळजी नाही." सवय चांगली आहे, ती सोडू नका. परंतु चिळकांडी अपुरे सांगते. पाणी पंपापर्यंत पोचले एवढेच तिच्यावरून कळते. सिलिंडरभोवतीच्या सगळ्या वाटांतून ते फिरले की नाही, हे कळत नाही. उलट, पावसाळ्यात इंजिन पडवीत ठेवले असताना कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचे घर बांधले, तर आत सारे ठीक असूनही चिळकांडी बंद!

म्हणून दोन सेन्सर बसवायचे. एक पाण्याचा दाब मोजणारा, ती नाडी. दुसरा तापमान मोजणारा, तो ताप. दोघांच्या तारा चालवणाऱ्याच्या समोरच्या मापकांपर्यंत आणायच्या.

आता दोन काटे एकत्र कसे वाचायचे ते पाहा. दाब उतरला आणि तापमान चढू लागले, तर जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल किंवा इंपेलर फाटला असेल. दाब नेहमीपेक्षा जास्त आणि तापमानही जास्त, तर पंप चांगला आहे, पुढची वाट मिठाने वा गाळाने तुंबली आहे, अथवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे. तापमान ठीक, पण दाब महिन्यामागून महिना उतरतो आहे, तर रबर झिजत चालले आहे. ते बंदरावर असतानाच बदला. मुद्दा हा की, ताप उशिरा चढतो, नाडी आधी बोलते. अनेक इंजिनांत धोक्याचा भोंगा असतो. पण इंजिन तापल्यावर वाजणारा भोंगा म्हणजे घर पेटल्यावरची आरोळी.

सेन्सर बसवण्याची जागा मात्र नीट निवडली पाहिजे. दाबाचा सेन्सर चिळकांडीच्या नळीवर बसवू नये. ती नळी बाहेर उघडी असते, तिथे दाब पडलेलाच असतो. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर बनवणाऱ्याने ठेवलेले बूच असते, तेथे तो लावावा. ती जागा इंजिनाच्या पुस्तकात पाहावी. अंदाजाने भोक पाडू नये. तापमानाचा सेन्सर सिलिंडर हेडच्या धातूला घट्ट टेकलेला हवा, नुसता पाण्यात लोंबता नको. असे का? समजा, पाणीच संपले. मग पाण्यातल्या सेन्सरला गरम पाणी लागणार कुठून? धातू भाजत असेल आणि काटा स्वस्थ बसलेला असेल!

आणखी एक बारकावा. काही सेन्सरांना एकच तार असते. विजेची परतीची वाट इंजिनाच्या धातूतून जाते. अशाच्या आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली, तर ती वाट तुटू शकते आणि काटा खोटे बोलतो. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या घ्या, सांधे खाऱ्या हवेपासून झाका. काम झाल्यावर इंजिन कोरडे मात्र सुरू करू नका. पाण्याविना रबरी इंपेलर पाहता पाहता जळतो. पिंपात पाणी भरून, जाळी पूर्ण बुडवून मगच ते चालवा.

शिक्षकमित्रांना इथे एक आयता प्रयोग आहे. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे १ बार दाब देतो. तेव्हा मापकापासून ५ मीटर उंच असलेल्या, तोंड उघड्या टाकीची नळी दाबाच्या सेन्सरला जोडा. काटा अर्ध्या बारच्या आसपास आला पाहिजे. तापमानाचा सेन्सर बहुधा थर्मिस्टर असतो. तो आणि थर्मामीटर गरम पाण्यात एकत्र धरा. पाणी निवत जाईल तसतसा त्याचा विद्युतरोध वाढत जाईल. मुलांकडून आलेख काढून घ्या. पुस्तकातले विज्ञान आपल्या वडिलांच्या होडीत कामाला येते, हे त्यांना त्या दिवशी समजेल.

शेवटी एवढेच. कोणता आकडा बरोबर, असे तुम्ही विचाराल. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा. मंद गतीत दाबाचा काटा शून्याजवळही दिसतो, वेग वाढवला की चढतो. म्हणून नवा इंपेलर बसवलात की शांत पाण्यात होडी न्या. मंद, मध्यम आणि पूर्ण वेगाला दोन्ही काटे काय दाखवतात ते वहीत टिपून ठेवा. निरोगी माणसाची नाडी ज्याने पाहिली आहे, त्यालाच आजाऱ्याची नाडी ओळखता येते. मासेमारी बंदीचे दिवस या कामाला उत्तम. होडी किनाऱ्यावर असते, हात मोकळे असतात, आणि चुकले तर दुरुस्त करायला पायाखाली जमीन असते.