जुन्या फॉन्टमधली मराठी

विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि कचेऱ्या, शाळा, सहकारी संस्था, छापखाने यांत जुने संगणक बदलण्याची लगबग सुरू झाली. या लगबगीत असलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यावरची मराठी कागदपत्रं युनिकोडमध्ये आणा आणि ती माणसाकडून वाचून घ्या. नुसती पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवली म्हणजे काम झालं असं समजू नका. आपल्या गोंदियाचंच पाहा. हा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली त्यानंतर, विंडोज २००० पासून, आणि ती हातात रुळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. म्हणजे सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत, जिल्ह्याच्या सुरुवातीच्या वर्षांत संगणकावर लिहिलेले ठराव, इतिवृत्तं, झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता बहुतेक कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत असणार.

या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात ती नसते. कृतिदेवमध्ये 'गोंदिया' टंकलं की साठतं ते एक्स, के, एस, ए, एफ, एन, मग अर्धविराम आणि पुन्हा के. आपण धानाच्या मुलखातले, म्हणून पोत्याचं पाहा. पोत्यात एक वाण भरला आणि वर चिठ्ठी दुसऱ्याच वाणाची लावली, तर चिठ्ठी आहे तोवर सगळे तेच नाव घेतील. गोदाम बदलताना चिठ्ठी गळाली की आत जे आहे तेच पुढे येणार. फॉन्ट म्हणजे ती चिठ्ठी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. तिथे दाणा पाहूनच वाण कळतो, मग पोतं कुठलंही असो.

यावर कोणी म्हणेल, नव्या संगणकावर जुना फॉन्ट टाकला की झालं. त्या एका संगणकावर होईल. पण तोच मजकूर मोबाइलवर पाठवला, ऑनलाइन अर्जात चिकटवला किंवा त्यात एखादं गाव शोधलं, तर चिठ्ठी तिथवर पोचत नाही. दुसरा म्हणेल, आम्ही पीडीएफ करून ठेवली आहे. जरूर ठेवा, पुढे पडताळायला तीच कामी येईल. पण तिच्यातून ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की पुन्हा रोमन अक्षरांचा कालवा. तिसरा आक्षेप टंकलेखकांचा, की बोटांना बसलेली सवय मोडेल. ती मोडावी लागत नाही. कळफलक वेगळा आणि फॉन्ट वेगळा. रेमिंग्टनच्या जुन्या मांडणीनं युनिकोडही टंकता येतं.

सर्वांत धोक्याचा समज असा की रूपांतर करणारं सॉफ्टवेअर एका फटक्यात सगळं करून देतं. गिरणीतून भरडून आलेल्या तांदळात कनकी असतेच, ती चाळावी लागते. 'अर्जुनी' हेच नाव घ्या. कृतिदेवमध्ये रफार जु च्या नंतर साठतो, युनिकोडमध्ये तो ज च्या आधी यावा लागतो. रूपांतरात तो उकाराशी अडला की 'अजुर्नी' होतं. हिंदीसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरला आपला ऱ्या ठाऊक असेलच असं नाही, मग 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होऊन बसतं. शिवाय हा ऱ्या युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शोध घेताना एकाला दुसरा सापडेलच अशी खात्री नाही. इंग्रजीतला खाते क्रमांक किंवा बँकेचा कोड मजकुरात असेल, तर त्यातल्या अक्षरांनाही मराठी समजून सॉफ्टवेअर ती बदलून टाकतं. आणि वर्ड स्वतःहून वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं, ते वेगळंच. कृतिदेवमध्ये छोटा डी म्हणजे पूर्ण क, मोठा डी म्हणजे अर्धा. 'करार' शब्दाचा पहिलाच क तुटतो, तोही करारनाम्यात.

म्हणून पुन्हा सांगतो, कारण ऐकताना हेच निसटतं: तपासणी जुना संगणक चालू असतानाच व्हायला हवी. एका पडद्यावर मूळ, दुसऱ्यावर रूपांतर, आणि वाचणारा मराठी नीट येणारा. आधी गावांची आणि माणसांची नावं, मग गट क्रमांक आणि रकमा, बाकीचा मजकूर त्यानंतर. श्रीलिपीबद्दल अजून बोलायचं होतं, तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत अक्षरांची मांडणी सारखी नाही, त्यामुळे फॉन्टचं नेमकं नाव आणि क्रमांक टिपून ठेवल्याशिवाय रूपांतराला हातच घालू नये. पण मला दिलेली मिनिटं संपली आहेत. निदान तेवढं नाव आजच एका कागदावर लिहून ठेवा.