कावेरीचा मूळ रहिवासी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



म्हैसूरच्या या भूमीने आपल्याला आसरा दिला. कावेरीच्या पाण्यावर आपली मुलेबाळे वाढली. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्या नदीच्या मूळ रहिवाशाची विचारपूस करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा रहिवासी म्हणजे कावेरीचा महसीर. बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा पाठीवर मिरवणारा हा मासा केवळ कावेरी आणि तिच्या उपनद्यांतच आढळतो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली कबिनी नदीत गळाने पकडलेला महसीर १२० पौंडांचा होता!

पुढे नदी पालटली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांच्या प्रतिभेतून कृष्णराजसागर उभा राहिला. १९३४ मध्ये खाली मेट्टूरचे धरण पूर्ण झाले. मंड्याचा ऊस आणि आपल्या घरचे पाणी ही त्यांचीच देणगी; तिचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून गोट्यावाळूच्या स्वच्छ तळाशी अंडी घालणाऱ्या माशाला धरणाची भिंत ओलांडता येत नाही. त्यात वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी यांची भर पडली.

या कथेचा पुढील भाग आपल्या माहेरचा आहे. पुण्याच्या मुळा-मुठेतील महसिराचे शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले. निळसर परांचा हा मासा कृष्णेच्या खोऱ्यातला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने त्याचे कृत्रिम प्रजनन साधले, डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांचे त्यात मोलाचे योगदान होते. महसीर सर्वत्र घटत असताना हे यश स्पृहणीयच होते. त्याची पिल्ले अनेक राज्यांना देण्यात आली आणि १९७०च्या दशकापासून कावेरीतही सोडली गेली. हेतू निर्मळ होता. परंतु महसीर तेवढे सारे एकच, हा समज खरा नव्हता.

मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या छंदी मंडळींच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या. कृष्णेचा पाहुणा संख्येने वाढत होता. कावेरीचा मूळ मासा क्वचित गळाला लागत होता आणि जो लागे तो आकाराने अधिकाधिक मोठा असे. वरवर पाहता ही सुवार्ता वाटावी. वस्तुतः घरात वृद्धच उरले होते. पाळणा हलणे थांबले होते. नद्यांत पिल्ले सोडल्याने आकडे वाढले, म्हणून मूळ जातीचा ऱ्हास कुणाच्या ध्यानातही आला नाही.

दीडशे वर्षे शिकाऱ्यांना ठाऊक असलेल्या या माशाची शास्त्रीय ओळख, 'टॉर रेमादेवी', निश्चित झाली ती २०१८ साली. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. मोयार नदीत त्याचा वास अद्याप आढळला, हाच काय तो दिलासा.

मग आपण काय करावे? कावेरीकाठच्या रामनाथपुरात आणि महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून डोहातील माशांना अभय आहे. ती श्रद्धा आपण दोन्हीकडे जपावी. परंतु पुण्य जोडण्यासाठी बाजारातून आणलेला किंवा घरच्या काचपेटीतला मासा नदीत सोडू नये. मत्स्यबीज सोडण्याच्या समारंभास निमंत्रण आले, तर 'हे बीज कोणत्या नदीचे?' असे विनयाने अवश्य विचारावे. मूळ माशासाठी विणीच्या हंगामात धरणातून पुरेसे पाणी सोडावे, या मागणीस मंडळाने पाठिंबा द्यावा.

आपणही येथे पाहुणे म्हणूनच आलो. यजमानाची भाषा शिकलो, त्याच्या सणांत मिसळलो, त्याची जागा मात्र बळकावली नाही. त्या मुक्या माशाला हा विवेक कोठून असणार? तो आपणच त्याच्या वतीने दाखवावयाचा आहे.